न्यूमोनिया बरा झाला, पाय मात्र रुग्णालयात राहिले : वृद्ध रुग्णांचे चालणे आणि फिजिओथेरपी

शेवंता

नमस्कार. गेल्या महिन्यात माझ्या सासऱ्यांना न्यूमोनियामुळे नऊ दिवस रुग्णालयात ठेवावे लागले. त्यांचे वय ७९. आजारी पडण्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत सकाळचे दूध तेच आणत आणि संध्याकाळी रस्ता ओलांडून मारुतीच्या देवळापर्यंत जात. दाखल केले त्या रात्री रिक्षातून उतरल्यावर धाप लागलेली असतानाही ते माझ्या दंडाला धरून कॅज्युअल्टीपर्यंत चालत गेले. नवव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले, की ताप गेला आहे, छातीचा फोटो सुधारला आहे, ऑक्सिजन ९६ आहे, आता घरी न्या. घरी न्यायला म्हणून त्यांना खाटेवरून उतरवले, तर गुडघे असे लटपटले की मी आणि वॉर्डबॉय दोघांनी धरले म्हणून ते खाली बसले नाहीत. गाडीपर्यंत चाकाच्या खुर्चीतून आणावे लागले. आता घरी येऊन तीन आठवडे झाले आहेत आणि वॉकर धरून ते बेडरूममधून स्वयंपाकघरापर्यंत कसेबसे येतात.

घरी आल्यावर मी फाइल पुन्हा चाळली. ताप, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, लघवी किती झाली, सगळ्याची दर काही तासांनी नोंद आहे. फिजिओथेरपीही दिवसातून दोनदा लिहिलेली आहे आणि तिचे पैसेही लागले आहेत; पण ती म्हणजे पाठ थोपटणे आणि तीन चेंडूंच्या यंत्रात श्वास ओढणे. रुग्ण आज चालला का, किती चालला, हे नऊ दिवसांत एकदाही लिहिलेले नाही. चालू नका असे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. चाला असेही कोणी सांगितले नाही. आजारपणात पडून राहायचे असते, एवढेच आम्हाला ठाऊक होते.

माझे प्रश्न असे : हे आजारामुळे झाले की पडून राहिल्यामुळे? रुग्णालयात असतानाच आम्ही काय मागायला हवे होते? आणि आता त्यांची सुधारणा होते आहे की नाही, हे "बरे वाटते आहे" यापलीकडे जाऊन कळण्याचा काही मार्ग आहे का?

पायवाट

शेवंताताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि चौदा वर्षे वॉर्डात काम केले आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर, दोन्हींमुळे. मात्र आजाराचा वाटा आपल्याला दिसतो आणि खाटेचा वाटा दिसत नाही. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षे वयाच्या, कोणताही आजार नसलेल्या स्वयंसेवकांना फक्त दहा दिवस खाटेवर झोपवून ठेवले होते. त्या दहा दिवसांत त्यांच्या पायांतील जवळजवळ एक किलो स्नायू कमी झाला. त्यांना ताप नव्हता, संसर्ग नव्हता आणि जेवण व्यवस्थित चालू होते. न्यूमोनियात ताप स्नायू जाळतो, अन्न जात नाही आणि वय आणखी दहा-बारा वर्षांनी अधिक असते, तेव्हा काय होत असेल याचा अंदाज आपण करू शकता.

रुग्णालयात माणूस प्रत्यक्षात किती वेळ पडून असतो, हेही मोजलेले आहे. अमेरिकेतील ४५ वृद्ध माजी सैनिकांच्या मांडीला आणि पायाला हालचाल नोंदवणारी उपकरणे लावली होती. हे सगळे दाखल होण्यापूर्वी चालणारे होते. त्यांचा ८३ टक्के वेळ पडून गेला आणि उभे राहणे व चालणे मिळून दिवसाला साधारण ४३ मिनिटे भरली. हा अभ्यास २००९ चा आहे. आपल्याकडील वॉर्डात नातेवाईक उशाशी असतो, पाणी तोंडाशी येते, भांडे खाटेवर येते. त्यामुळे आपला आकडा त्याहून चांगला असेल असे मला वाटत नाही. मायेपोटी आपण रुग्णाच्या उठण्याचे एकेक निमित्त काढून घेतो.

आपण फाइलमधील जी गोष्ट पकडली आहे, ती फार महत्त्वाची आहे. छातीची फिजिओथेरपी आणि रुग्णाला उठवून चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत. कागदावर दोन्ही "फिजिओ"च असतात. एका फिजिओकडे एका फेरीत पंधरा-वीस खाटा असल्या, की श्वासाचा व्यायाम उरकतो आणि चालणे राहून जाते. त्यामुळे राउंडच्या वेळी नातेवाइकांनी एकच प्रश्न स्पष्ट विचारावा : "यांना उठवून चालवण्यास आपली परवानगी आहे का, असल्यास ती फाइलमध्ये लिहाल का?" तोंडी होकाराला वॉर्डात अर्थ नसतो. कागदावर आले की सिस्टर, मावशी आणि फिजिओ तिघांचेही हात मोकळे होतात.

दादरकर

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, निवृत्त अभियंता आहे. शेवंताताईंच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल मला एक शंका आहे. चालण्याचा वेग मोजावा असे हल्ली ऐकू येते. परंतु म्हातारा माणूस हळू चालतो, हे सांगायला घड्याळ कशाला हवे? मोजमापाचा मला तिटकारा नाही, आयुष्यभर तेच केले. मात्र जे मोजल्याने कोणताही निर्णय बदलत नाही ते मोजू नये, असेही त्याच नोकरीत शिकलो.

पायवाट

दादरकर साहेब, रास्त शंका आहे. निर्णय बदलतो, म्हणूनच मोजायचे.

२०११ साली नऊ अभ्यास एकत्र करून ६५ वर्षांवरील ३४,४८५ व्यक्तींची माहिती तपासली गेली. चालण्याचा वेग सेकंदाला ०.१ मीटरने जितका अधिक, तितका पुढील वर्षांतील मृत्यूचा धोका सुमारे १२ टक्क्यांनी कमी, असे त्यात आढळले. वय, स्त्री की पुरुष आणि वेग, एवढ्या तीनच गोष्टींवरून केलेला अंदाज आजारांची लांबलचक यादी घेऊन केलेल्या अंदाजाच्या तोडीचा ठरला. यात नवल नाही. चालताना हृदय, फुप्फुस, सांधे, स्नायू, डोळे, मेंदू हे सगळे एकदम कामाला लागतात आणि त्यांतले कोणतेही एक कुरकुरू लागले तरी पाऊल मंदावते. म्हणूनच २००९ मध्ये दोन अमेरिकी फिजिओथेरपिस्टांनी चालण्याच्या वेगाला सहावे जीवनचिन्ह, म्हणजे ताप, नाडी, रक्तदाब यांच्या पंक्तीत नेमाने नोंदायची खूण, म्हणावे असे सुचवले होते.

ढोबळ खुणा अशा : सेकंदाला ०.४ मीटरपेक्षा कमी वेग असलेला माणूस बहुधा घरातल्या घरात फिरतो, ०.४ ते ०.८ मध्ये तो गल्लीत, अंगणात, कोणाच्या तरी सोबतीने बाहेर पडतो, ०.८ च्या वर तो एकट्याने बाहेरचे व्यवहार करू शकतो. या खुणा मूळच्या पक्षाघाताच्या रुग्णांवरून ठरवलेल्या आहेत, तरी वॉर्डात आणि घरी बोलायला त्या उपयोगी पडतात. वेगात ०.०५ चा फरक पडला तर सुधारणा सुरू झाली असे मानतात आणि ०.१ चा फरक चांगलाच ठळक समजतात. एवढा फरक नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, विशेषतः रोज तेच माणूस पाहणाऱ्या घरच्यांना.

मोजण्याची रीत घरची आहे. आपल्याकडे बहुतेक नव्या इमारतींत दोन फुटी फरशी असते, म्हणजे साठ सेंटिमीटर. अशा सात फरश्या म्हणजे ४.२ मीटर. सुरुवातीच्या आणि शेवटच्या रेषेवर रंगीत चिकटपट्टी लावावी. रुग्णाला सुरुवातीच्या रेषेच्या दोन फरश्या मागे उभे करावे आणि शेवटच्या रेषेच्या दोन फरश्या पुढे स्टूल ठेवून "त्या स्टुलापर्यंत तुमच्या नेहमीच्या चालीने चला" असे सांगावे. पहिले पाऊल पहिली रेषा ओलांडेल तेव्हा मोबाइलचे घड्याळ सुरू करायचे आणि दुसरी रेषा ओलांडेल तेव्हा थांबवायचे. शर्यत लावायची नाही, मोजताना गप्पा मारायच्या नाहीत आणि आपण पुढे चालायचे नाही, कारण आपण पुढे चाललो की ते आपल्या चालीने चालतात. वॉकर किंवा काठी असेल तर ती चालेल, फक्त वहीत तशी नोंद करावी. दोनदा मोजावे, थोडी विश्रांती मध्ये द्यावी. ४.२ ला सेकंदांनी भागले की वेग मिळाला.

डॉ. निशिगंध

पायवाट यांचे विवेचन उत्तम आहे. एक फिजिशियन म्हणून मला त्याला थोडी वेसण घालावीशी वाटते.

खाटेवर पडून राहण्याचे धोके वैद्यकाला आजच कळले आहेत असे नाही. लंडनचे रिचर्ड ॲशर यांनी १९४७ साली त्याच विषयावर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहिला होता. त्यात त्यांनी एकेका अवयवावर अंथरुणाचा काय परिणाम होतो हे सांगितले आहे. पाऊणशे वर्षे होऊन गेली तरी आपण तिथेच आहोत, हे मान्य करताना मला संकोच वाटतो.

तथापि "जितके लवकर आणि जितके जास्त तितके चांगले" असा याचा अर्थ कोणी काढू नये. पक्षाघातानंतर पहिल्या २४ तासांतच रुग्णांना वारंवार आणि अधिक वेळ उठवावे का, हे तपासणारी मोठी चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात २,१०४ रुग्ण होते. तीन महिन्यांनंतर चांगल्या स्थितीत असलेल्यांचे प्रमाण जास्त हालचाल करवलेल्या गटात ४६ टक्के होते, तर नेहमीची काळजी घेतलेल्या गटात ५० टक्के. कृत्रिम श्वासयंत्रावरील ७५० रुग्णांच्या २०२२ च्या चाचणीतही वाढीव हालचालीचा लाभ दिसला नाही आणि अपाय अधिक नोंदले गेले. म्हणून अतिदक्षता विभागातील किंवा नुकताच पक्षाघात झालेल्या रुग्णाला नातेवाइकांनी स्वतःच्या विचाराने उठवू नये. याउलट मांडीचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करावे, असे ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, आणि आपल्याकडे मात्र नातेवाईकच "एवढ्यात नको" म्हणून हात जोडतात. रोग कोणता आहे त्यावर सगळे अवलंबून असते.

सर्वसाधारण वॉर्डातील, ताप उतरणीला लागलेल्या रुग्णाविषयी बोलायचे तर पहिल्यांदा उठवताना झोपलेल्या स्थितीतील आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आतील रक्तदाब जरूर पाहावा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर भोवळ येऊन पडण्याची शक्यता असते. तसेच वेग कमी असण्याचे कारण नेहमी स्नायूच असतात असे नाही. झोपेची गोळी, पार्किन्सनची सुरुवात, मधुमेहाने बधिर झालेली पावले, खिन्नता, किंवा घरी विसरलेला चष्मा, यांपैकी काहीही असू शकते. वेगाचा आकडा शंका निर्माण करतो. निदान त्याने होत नाही.

आणखी एक. नुसत्या व्यायामाने स्नायू बनत नाहीत. आजारी वृद्धाला दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. मऊ भात, साबुदाण्याची खीर आणि नारळपाणी यांवर तेवढी प्रथिने मिळत नाहीत. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

रात्रपाळी

मी परिचारिका आहे. वरील सर्व प्रतिसाद वाचले आणि सगळे पटले. परंतु वॉर्डात हे का होत नाही, याचे खरे कारण अजून कोणी लिहिले नाही. माझ्या पाळीत रुग्ण पडला तर मला कागद भरावा लागतो, डॉक्टरांना उठवावे लागते, नातेवाईक आवाज चढवतात आणि सकाळी मेट्रन बोलावून घेतात. माझ्या पाळीत रुग्ण आठ दिवस खाटेवर राहून त्याचे पाय गेले, तर मला कोणीही काहीही विचारत नाही. मग मी काय करणार? खाटेचे कठडे वर करणार आणि "आजोबा, उतरायचे नाही, बेल वाजवा" असे सांगणार. बेल वाजली तरी तीस रुग्णांमागे आम्ही दोघी असतो, तोपर्यंत आजोबांना धीर निघत नाही, म्हणून डायपर बांधला जातो. एकदा डायपर बांधला की उठण्याचे शेवटचे कारणही संपते.

लघवीच्या नळीचेही तसेच. नळी म्हणजे रुग्णाला खाटेशी जखडणारी बेडीच आहे. दाखल करताना आवश्यक म्हणून घातली जाते आणि नंतर ती काढायची आठवण कोणालाच राहत नाही. रोज राउंडला "नळी अजून हवी आहे का?" असे नातेवाइकांनी विचारले तर आम्हाला राग येत नाही, उलट आम्ही विचारलेले ऐकले जात नाही, तुमचे ऐकले जाते. सलाईन रात्रभर सुरूच ठेवावी लागते का, हेही विचारावे. चाकाचा स्टँड मागून घ्या, सलाईनसकट चालता येते.

लीड्सवासी

मी मूळची सांगलीची, सध्या ब्रिटनमध्ये एका रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामे पुन्हा स्वतः करता यावीत यासाठी रुग्णांना मदत करते. काही वर्षांपूर्वी येथे रुग्णांना रुग्णालयाच्या कपड्यांतून बाहेर काढण्याची मोहीम निघाली. सकाळी रुग्णाने स्वतःचे कपडे घालायचे, खुर्चीत बसायचे आणि मग न्याहारी. २०१८ मध्ये इंग्लंडभर ७० दिवसांचा उपक्रमही झाला. प्रथम मला ती नुसती घोषणाबाजी वाटली होती. परंतु एक गोष्ट मी स्वतः पाहिली आहे : पाठीमागे नाड्या बांधलेला झगा घातलेली बाई व्हरांड्यात चालायला तयार होत नाही, कारण तिला लाज वाटते, तिला तिचा स्वतःचा गाउन आणि घट्ट बसणारी चप्पल दिली की ती दारापर्यंत जाते. आपल्या आज्यांना तर त्या झग्यात खाटेवर बसणेही संकटाचे वाटते. घरून साडी नेसवायला न्यावी असे मी म्हणणार नाही, पायात अडकते. पण सलवार-कमीज किंवा गाउन नक्की न्यावा. सोबत चष्मा, कवळी आणि कानाचे यंत्र न्यावे. "हरवेल" म्हणून हे सगळे घरी ठेवण्याची आपली रीत आहे, आणि मग न दिसणारा, न ऐकू येणारा माणूस पाऊल टाकायला घाबरतो.

पायवाट

रात्रपाळी ताईंनी मर्मावर बोट ठेवले. पडण्याची नोंद होते, खाटेला खिळण्याची होत नाही. म्हणून तर मी वेगाच्या आकड्यासाठी भांडते. दाखल होताना ०.७ आणि घरी जाताना ०.३ असे फाइलमध्ये लिहिलेले असेल, तर कोणाला तरी त्याचे उत्तर द्यावे लागेल.

शेवंताताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर राहिले होते. स्पेनमधील पाम्प्लोना येथे ३७० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांचे सरासरी वय ८७ होते. अर्ध्यांना नेहमीचे उपचार मिळाले आणि अर्ध्यांना त्याशिवाय सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटे पायांच्या ताकदीचे, तोल सांभाळण्याचे आणि चालण्याचे व्यायाम दिले, तेही जेमतेम पाच ते सात दिवस. नेहमीच्या उपचारांचा गट घरी जाताना रोजच्या कामांत आधीपेक्षा परावलंबी झालेला होता. व्यायामाचा गट थोडा सुधारून घरी गेला. मला यात वयाचा आकडा सर्वांत बोलका वाटतो, कारण ८७ वर्षांच्या माणसाला "आता या वयात कशाला" असे म्हणण्याची आपल्याला फार घाई असते.

परवानगी मिळाल्यावर घरच्यांना करता येण्यासारखे थोडे आहे, पण ते नेमाने करावे. तिन्ही वेळचे खाणे खाटेवर न देता खुर्चीत द्यावे. उठवताना आधी खाटेच्या कडेला पाय खाली सोडून दोन मिनिटे बसवावे, पावले जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत. नंतर खुर्चीतून उठणे-बसणे, पाच वेळा, शक्यतो हातांचा जोर न देता. मला एकच व्यायाम निवडायला सांगितला तर मी हाच निवडेन, कारण संडासच्या भांड्यावरून उठणे म्हणजे नेमके हेच असते. चालताना आपण रुग्णाच्या दुबळ्या बाजूला, अर्धे पाऊल मागे राहावे. समोरून दोन्ही हात धरून ओढत चालवणे, जे लग्नाच्या मांडवापासून वॉर्डापर्यंत सगळीकडे दिसते, ते टाळावे. त्यात माणूस पुढे झुकतो आणि त्याचा तोल आपल्या हातात जातो. वॉकरची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाशी यावी. रुग्णालयातून आणलेला वॉकर बहुतेक वेळा आधीच्या उंच माणसाच्या मापाचा असतो.

शेवंता

सात आठवड्यांनी पुन्हा लिहिते आहे, उशीर झाल्याबद्दल क्षमस्व. पायवाट यांचा प्रतिसाद वाचला त्याच संध्याकाळी मी दिवाणखान्यात पिवळ्या पट्ट्या लावल्या. पहिल्या दिवशी सात फरश्यांना वॉकरसकट ११ सेकंद लागले, म्हणजे ०.३८. वॉकर खरोखरच दोन भोके उंच निघाला. आठवड्यातून तीन दिवस घरी फिजिओ येऊ लागल्या, बाकीचे दिवस मी आणि माझी मुलगी. उठणे-बसणे पहिल्या आठवड्यात दोनदाच जमत होते आणि तेही सोफ्यावर उशी ठेवून. तिसऱ्या आठवड्यात ७ सेकंद, ०.६. मध्ये त्यांना पोट बिघडून चार दिवस झोपावे लागले आणि आकडा पुन्हा ८ सेकंदांवर गेला. केवळ चार दिवसांत. परवा काठी घेऊन ५.३ सेकंद झाले, म्हणजे ०.७९. वहीत ते स्वतः लिहितात आणि मुलीने घड्याळ उशिरा थांबवले म्हणून तिच्याशी वाद घालतात.

आता त्यांना मारुतीला जायचे आहे, तेही एकट्याने. वाटेत सिग्नलचा मोठा रस्ता आहे. पाठवावे का?

दादरकर

मी माझी शंका मागे घेतो. माझ्या पत्नीचाही वेग मोजला आणि तो मी गृहीत धरला होता त्यापेक्षा बराच कमी निघाला. रस्त्याबद्दल मात्र मला बोलता येईल. पादचारी सिग्नलची वेळ ठरवताना पुष्कळ ठिकाणी माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असे धरतात. इंग्लंडमध्ये हे तपासले तेव्हा ६५ वर्षांवरील बहुसंख्य लोक तेवढे चालू शकत नाहीत असे २०१२ मध्ये दिसून आले होते. आपला रस्ता समजा १४ मीटर असेल, तर त्या हिशेबाने हिरवा माणूस १२ सेकंद दिसेल. आपल्या सासऱ्यांना ०.७९ ने १८ सेकंद लागतील. सहा सेकंद ते वाहनांसमोर असतील. मध्ये दुभाजक असेल तर दोन टप्प्यांत ओलांडावे.

शेवंता

दुभाजक आहे, आणि थांबता येईल इतका रुंदही आहे. पण त्यावर सुशोभीकरणाच्या कुंड्या ठेवलेल्या आहेत. आज संध्याकाळी मी टेप घेऊन जाते आणि दोन कुंड्यांमध्ये काठीसकट माणूस मावतो का ते पाहून येते.